देहाच्या बदल्यात

मी, श्रीमती मंजुषा सुजीत साळवे, माहेरची मंजुषा यादवराव गांगुर्डे, वय सेहेचाळीस, नोकरी मुसफ्फातल्या दातांच्या लॅबमध्ये, राहणार खलिफा सिटी, अबू धाबी, मूळ गाव नेवासे तालुक्यात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने मराठीत लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. स्वादुपिंडाचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला आहे, डोक्यापर्यंत नाही. अशा कागदावर ‘कोणाच्याही दडपणाशिवाय’ असं लिहायची पद्धत आहे. ते मला लिहिता येत नाही. दडपण आहे, दोन्ही बाजूंनी आहे, आणि ते सगळं उद्या माझ्या मुलीवर येऊन पडणार आहे म्हणून तर मी लिहायला बसले.

माझी मुलगी ओवी, वय पंधरा, दहावीला आहे. तिचे वडील, माझा नवरा सुजीत, तीन वर्षांपूर्वी गेला. तिचा व्हिसा माझ्या व्हिसावर आहे. मी गेले की तिला इथून निघावं लागेल, आणि भारतात तिला घरात घेतील अशी दोनच माणसं आहेत. एक माझा मोठा भाऊ शैलेंद्र, नाशिकला बँकेत अधिकारी. दुसऱ्या सुजीतच्या मोठ्या बहीण मृणालिनीताई, नगरला मुलींच्या वसतिगृहात मेट्रन होत्या, आता तिथल्याच एका खोलीत राहतात. दोघांचा ओवीवर जीव आहे, आणि दोघांनीही तिला घ्यायला अट घातली. दादा म्हणाला, आधी धम्मदीक्षा. ताई म्हणाल्या, आधी चर्चमध्ये दृढीकरण, म्हणजे मी ख्रिस्ती असं तिने सगळ्यांसमोर कबूल करायचं, आणि मामाच्या घराशी संबंध बंद. ओवीने मला एवढंच विचारलं, “मम्मा, कॅन आय प्लीज नॉट डिसाइड नाऊ?” हे मृत्युपत्र तिच्या त्या एका प्रश्नासाठी आहे. बाकीची कलमं वाटेत आली म्हणून लिहिली.

कलम १. अबू धाबीच्या कोर्टात माझं एक मृत्युपत्र आधीच नोंदवलेलं आहे, इंग्रजीत आणि अरबीत. तिथल्या क्लार्कने धर्माबद्दल एकच प्रश्न केला, “मुस्लिम ऑर नॉन-मुस्लिम?” मी म्हटलं, नॉन. “खलास,” म्हणाला आणि पुढचा कागद ओढला. माझा धर्म एवढ्या झटपट आयुष्यात कोणी मिटवला नव्हता. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. पैसे, पालक, सामान, सगळं त्या कागदात कायदेशीर भाषेत आहे. हा मराठी कागद घरच्यांसाठी. कोर्टाला ज्याच्याशी देणंघेणं नाही ते यात आहे.

कलम २. तरीही धर्माचा रकाना रिकामा ठेवला तर लोक आपापल्या हाताने भरतील, म्हणून मीच भरते. माझे पणजोबा मिशनच्या काळात ख्रिस्ती झाले. आजोबा छप्पन सालानंतर बौद्ध झाले. भिंतीवरचा क्रूस त्यांनी उतरवला आणि त्यांच्या धाकट्या भावाने तो उचलून आपल्या खोलीत लावला. तेव्हापासून आमच्या वस्तीत एकाच आडनावाची दोन तऱ्हेची घरं आहेत. बौद्धांची पुष्कळ, ख्रिस्त्यांची चार-पाच. लग्नाला एका पंगतीत बसतात, मयताला वेगळ्या वाटेने जातात. मी बौद्ध घरात जन्मले. पंचशील मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. लग्न केलं सुजीत साळवेशी, आणि तो ख्रिस्ती. रजिस्टर लग्न, दोन्हीकडच्या लोकांनी तोंडं वाकडी करून जेवण केलं. सुजीतने मला बाप्तिस्मा घे असं कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी घेतला नसता, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

ओवी दिवस भरायच्या आधीच जन्मली. काचेच्या पेटीत, अंगभर नळ्या. इथे आमचं कोणी नव्हतं. सुजीतच्या चर्चमधल्या बायका, मल्याळी, तमिळ, एक फिलिपिनी, पाळीपाळीने माझ्याजवळ येऊन बसायच्या. त्यांची भाषा मला येत नव्हती. त्या प्रार्थना करायच्या, मी मनात त्रिशरण म्हणायचे. ओवी जगली. कोणाचं ऐकलं गेलं मला माहीत नाही. पण त्या बायका ज्याच्या नावाने येऊन बसल्या, त्याला आपलं म्हणावं असं मला वाटलं आणि मी बाप्तिस्मा घेतला. बुद्धाला सोडलं नाही. खोटं बोलू नये, चोरी करू नये, जीव घेऊ नये, यात येशूला राग येण्यासारखं काय आहे ते मला अजून कोणी दाखवून दिलेलं नाही. आमच्या हॉलमध्ये एका फळीवर सुजीतचं बायबल होतं आणि त्याच फळीवर माझी पितळेची बुद्धमूर्ती. दोघांच्यात मला कधी भांडण दिसलं नाही. मी परत मागे गेले की पुढे आले, हे ज्यांना ठरवायचं असेल त्यांनी माझ्या पणजोबांपासून हिशेब मांडावा.

कलम ३. बँकेतली शिल्लक आणि कंपनीकडून येणारी ग्रॅच्युइटी ओवीच्या शिक्षणासाठी. लग्नासाठी नाही. सुजीतचं बायबल आणि बुद्धमूर्ती, दोन्ही ओवीची. ती कुठल्या फळीवर ठेवायची, एका की दोन, हे तिचं तिने बघावं. माझे दागिने म्हणजे कानातलं आणि एक साखळी. ओवी म्हणते, “टू ओल्ड-फॅशन्ड.” तिने विकून हेडफोन घेतले तरी माझी हरकत नाही.

कलम ४. गावी वडिलांच्या घरात माझा हिस्सा आहे, विहाराला लागून दोन खोल्या. तो हिस्सा मी विहाराला देते, पुस्तकं ठेवायला आणि पोरांच्या अभ्यासाला. वस्तीतल्या ज्यांनी माझ्याबद्दल बोलून तोंडाचा पट्टा चालवला, त्यांच्या पोरांनीही तिथे अभ्यास करावा. ख्रिस्ती घरांतल्या पोरांनाही दार उघडं असावं. ही विनंती आहे. माझं कोणी ऐकेल असा माझा अनुभव नाही, पण लिहून ठेवायला काय जातंय?

कलम ५. लॅबमधल्या माझ्या चाकू-सुऱ्या, मेणाचे चमचे आणि दिवा लॅबच्या नव्या मुलीला द्यावेत. ती कवळ्या बऱ्या बनवते, पण सगळ्यांना एकसारखे पांढरेशुभ्र दात बसवते. म्हातारी माणसं घरी जाऊन आरशात घाबरतात. तिला सांगा, थोडा पिवळा रंग घाल, माणसाच्या तोंडात माणसाचे दात दिसले पाहिजेत.

मृणालिनीताईंसाठी मी वरची आणि खालची, अशी पूर्ण कवळी केली आहे. त्यांच्या जबड्याचा साचा सुजीतने मागे सुट्टीत घेऊन आणला होता. निळ्या डबीत आहे. ताई माझ्याशी अबोला धरून होत्या तेव्हाच मी ती पूर्ण केली. ताई, ती घालून तुम्ही माझ्याविरुद्ध प्रार्थना केलीत तरी चालेल. निदान उच्चार स्पष्ट येतील.

कलम ६. अबोला का, हे लिहिल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. सुजीत कामावर असताना छातीत दुखून कोसळला. घरी परत आला नाही. त्याचं दफन इथल्या ख्रिस्ती दफनभूमीत झालं. नातेवाइकांना येता येणार नव्हतं म्हणून चर्चच्या एका माणसाने सगळा विधी मोबाइलवर घेतला आणि नगरला, नाशिकला पाठवला. त्यात सुरुवातीलाच पाळक म्हणाले, “अवर सिस्टर मंजुषा, बाप्टाइज्ड इन धिस चर्च.” दादाला माझ्या बाप्तिस्म्याचं तेव्हा कळलं. फोनवर सांगायची ती गोष्ट नव्हती, आणि सुट्टीत गेले की कोणाचं तरी लग्न निघायचं.

मग प्रार्थना संपली. सगळे आमेन म्हणाले. माझे हात जोडलेले होते, डोळे मिटलेले होते, आणि माझ्या तोंडून निघालं, “साधु, साधु, साधु.” आमच्याकडे वंदना संपली की असंच म्हणतात. जन्मभर म्हणत आले होते. आमेन माझ्या जिभेवर अजून पाहुणंच होतं. नवऱ्यावर माती पडत होती, मला काय भान? सगळ्यांनी माना वळवल्या. ओवी तेव्हा बारा वर्षांची. तिने माझी ओढणी ओढली.

“मम्मा, डिड यू से द राँग थिंग?”

“नाही गं. त्याचा अर्थ पण तोच.”

“देन व्हाय आर दे ऑल लुकिंग?”

तेवढ्या एका चित्रणाने दोन्ही घरं पेटली. मृणालिनीताईंना त्यात साधु ऐकू आलं आणि दादाला बाप्टाइज्ड. ताई म्हणाल्या, माझ्या भावाच्या कबरीवर तिने दुसऱ्याचं नाव घेतलं. दादा म्हणाला, माझ्या पाठीमागे तिने धम्म सोडला. ते चित्रण फिरत फिरत वस्तीतही पोचलं. दादाने ज्या विहारासाठी तरुणपणी डोक्यावरून विटा वाहिल्या, त्या विहाराच्या बैठकीत त्याला कोणी तरी म्हणालं, “शैलेंद्रराव, आधी घर सांभाळा.” दादा तिथून उठला आणि समितीचा राजीनामा देऊन नाशिकला परतला. हे त्याने मला कधी सांगितलं नाही. माझ्या भाचीने, ईश्वरीने सांगितलं.

कलम ७. ज्यांना मी माफ केलेलं नाही त्यांच्याबद्दल. इथल्या बौद्ध मंडळाने मला ग्रुपमधून काढलं, जयंतीच्या तोंडावर, पोरांचं गाणं मी बसवून झाल्यानंतर. गाणं मात्र ठेवलं. चर्चने मला स्तोत्रगटातून काढलं आणि मी बुद्धाचा त्याग केला आहे असं लेखी द्या म्हणून सांगितलं. दोन्ही एकाच आठवड्यात. दोघांनी मिळून ठरवलं असतं तरी इतकं जुळलं नसतं. मी कोणालाच काही लिहून दिलं नाही. रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसत राहिले, ओवी स्तोत्रगटात गात राहिली, आणि बुद्धपौर्णिमेला घरी दोघींनी खीर केली. माझ्या आजारात दोन्हीकडचे लोक डबे घेऊन आले. डबे चांगले होते. मी खाल्ले, म्हणजे जेवढे खाववले तेवढे. तरी माफ केलं असं लिहवत नाही. मरणाऱ्याने सगळ्यांना माफ करावं असा नियम असेल तर मी तो मोडते.

माझी शेजारीण शहरबानू आणि तिचे यजमान खैरुद्दीनभाई, रत्नागिरीकडचे, यांच्यावर माझा काहीच राग नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये असं वकील म्हणाला, म्हणून शहरबानूच्या नावाने मी काही लिहीत नाही. मोठा कुकर ती आधीच घेऊन गेली आहे. बोर्डाची परीक्षा होईपर्यंत व्हिसाची सवलत मिळाली तर ओवी तिच्याकडे राहील. शहरबानू मला म्हणाली, “कायमची ठेव माझ्याकडं, मी काय तिला नमाज पढायला लावणार हाय काय? पण गो, यांचीच नोकरी मार्चला संपतेय. आमचाच ठिकाणा नाय.” आणि मला धरून रडली. माझ्या तब्येतीसाठी एवढं मोकळं रडलेली ती एकटीच.

कलम ८. ओवीचे पालक.

मी आधी मृणालिनीताईंना फोन केला. ओवी त्यांच्यावर जीव टाकते. लहान असताना त्यांच्या कुशीतच झोपायची. मी म्हटलं, ताई, पोरीला घ्या, फक्त काही लादू नका. अठराव्या वर्षी तिचं तिला ठरवू द्या.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मंजुषा, मी तुला हो म्हणेन आणि नंतर मला राहवणार नाही. बुडणाऱ्या पोरीला तू अठरा वर्षांची झालीस की काढते, असं मला म्हणता येत नाही. मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही.”

मला रागच आला नाही. इतकं खरं उत्तर मला कोणी दिलं नव्हतं. ताईंना हवं होतं ते फक्त ओवीकडे होतं. त्यांना देण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.

मग दादा. त्याच्याकडे मोठं घर आहे, वहिनी मायाळू आहेत, ईश्वरी ओवीपेक्षा एका वर्षाने मोठी आहे आणि दोघींचं रोजचं चॅटिंग चालतं. पण दादाचं एकच.

“पोरीची दीक्षा झाली की ती माझी, मंजू. त्यात बोलण्यासारखं काही नाही. पुढे ॲडमिशनलाही जातीचं सर्टिफिकेट लागतं, ख्रिश्चन लिहिलं की सगळं गेलं.”

“तिचा देव ॲडमिशनच्या फॉर्मवर ठरवायचा का, दादा?”

“आपल्या माणसांनी काय सोसून हे मिळवलंय ते तुला शिकवायला पाहिजे का? पंधरा वर्षांची पोर काय ठरवणार?”

“ठरवणार नाहीच म्हणतेय ती. थांबू दे म्हणतेय.”

“थांबा म्हणून मी लोकांना कोणत्या तोंडाने सांगू? वस्तीत मला मान खाली घालून जावं लागतं. तुझ्यामुळे.”

मी फोन ठेवला. त्यानंतर मी काय करत होते ते सांगते, कारण नंतर कोणी म्हणेल की मंजुषा शांतपणे गेली. मी शांत नव्हते. मी बाथरूममध्ये नळ सोडून ओरडले. मला मरायचं नाही. मला ओवीचं कॉलेज बघायचं आहे, तिचा पहिला वाईट स्वयंपाक खायचा आहे, तिच्याशी भांडायचं आहे. डॉक्टर आधी नुसती पुढची तारीख द्यायचे, आता तारखेनंतर इन्शाल्ला म्हणतात. आणि मी गेल्यावर माझ्या पोरीला एका घराच्या दारात उभं करून विचारतील, आधी सांग तू कोण, मग आत ये. आई गेलेल्या पोरीला. मी येशूला विचारलं, बुद्धाला विचारलं. दोघंही फळीवर होते. आठवडाभर मी हाच विचार केला, की माझ्याकडे असं काय आहे जे दादाला ओवीच्या दीक्षेहून जास्त हवं आहे. आणि मग ते मला आंघोळ करताना दिसलं. हाडांवर कातडं राहिलंय, पण आहे अजून माझं.

मला सुजीतजवळ पुरायचं होतं. तेवढी एक इच्छा मी मनात धरून होते. शेजारची जागा राखून ठेवता येत नाही, पण त्याच दफनभूमीत, त्याच वाळूत. पाळकांना तसं सांगून ठेवलं होतं. लेखी देणार नाही म्हटलं तरी ते कबूल झाले होते. देव त्यांचं भलं करो.

मी दादाला पुन्हा फोन लावला.

“दादा, मी आले तर?”

“कुठं?”

“गावी. पेटीतून. पांढऱ्या साडीत. वस्तीच्या स्मशानात, भन्तेजींसमोर, त्रिशरण-पंचशील म्हणून, तुझ्या हातून अग्नी. सगळ्या वस्तीला बोलाव. विहारात पुण्यानुमोदन ठेव, माझा फोटो लाव. सांग सगळ्यांना, माझी बहीण परत आली.”

मग मी माझी बाजू सांगितली.

“आणि ओवीला दीक्षा नाही. तिने स्वतः मागितल्याशिवाय नाही. रविवारी तिला चर्चला जायचं असेल तर तू गाडीने सोडायचं. नाताळात मृणालिनीताईंकडे पाठवायचं. घरात कोणी तिला तू कोण म्हणून विचारायचं नाही.”

“मंजू, तुला तर सुजीतरावांजवळ...”

“ते राहू दे.”

“तू माझ्याशी सौदा करतेस? स्वतःच्या मयताचा?”

“हो. दुसरं काही नाहीये रे माझ्याकडे.”

दादा रडला. माझा भाऊ चांगला माणूस आहे, म्हणून रडला. रडून झाल्यावर हो म्हणाला.

सबब माझी मुलगी ओवी हिचा पालक म्हणून मी माझा भाऊ शैलेंद्र यादवराव गांगुर्डे यास नेमते. कोर्टाच्या कागदात एवढंच आहे. सौद्याचं वकिलाला विचारलं तर तो डोळे मोठे करून म्हणाला, “मॅडम, ऐसा क्लॉज कौन जज मानेगा? बॉडी के बदले में? धिस इज नॉट अ कॉन्ट्रॅक्ट.” मला माहीत आहे. मी मेल्यावर दादाने शब्द फिरवला तर मला काही करता येणार नाही. पण त्याने आठवीत असताना मला सायकल देईन म्हटलं होतं आणि स्वतः पायी शाळेत गेला होता. त्याच्या शब्दावर मी माझी पोर ठेवते आहे. याहून मोठा भरवसा मी दोन्हीकडच्या कोणत्याही देवावर ठेवलेला नाही.

कलम ९. माझा देह. वर ठरल्याप्रमाणे कंपनीच्या खर्चाने मुंबईला, तिथून गाडीने गावी. पांढरी साडी कपाटात वरच्या कप्प्यात इस्त्री करून ठेवली आहे. पाळकांना निरोप मी स्वतः दिला. ते म्हणाले, आम्ही इथे प्रार्थना करू, देह असो वा नसो.

मृणालिनीताईंनाही मीच सांगितलं. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं. मला वाटलं ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “मंजुषा, पुनरुत्थानाच्या दिवशी माझा भाऊ उठेल आणि तुला शोधेल गं. मी त्याला काय सांगू?”

ताई, त्या दिवसापासून मी रोज उत्तर शोधते आहे. त्याला सांगा, ती ओवीच्या कामाला गेली आहे. एवढंच सुचतं. तो वैतागेल, पण समजेल.

कलम १०. दादाने देहावर सौदा मान्य केला. रक्षा मागितली नाही. दादा, एवढी वर्षं तू बँकेत लोकांचे कागद वाचलेस आणि आपल्याच बहिणीच्या सौद्यात चुकलास. तू हे वाचशील तेव्हा मी वाद घालायला नसेन, तेव्हा निमूट ऐक. आपल्याकडे राख नदीत सोडत नाहीत, शेतात टाकून झाड लावतात. थोडी त्या झाडाला घाल. उरलेली ओवीची. तिने ती सांभाळावी आणि मोठी झाली की जिथे न्यावीशी वाटेल तिथे न्यावी. कुठेच नेली नाही तरी चालेल.

हे कलम मी आज सकाळी लिहीत असताना ओवी पलंगावर माझ्या पायाशी बसून वाचत होती. हल्ली ती शाळेतून सुट्टी घेते आणि मी रागावत नाही.

“सो व्हेअर डू आय टेक यू?” तिने विचारलं.

“तू ठरव.”

“बट व्हॉट डू यू वॉन्ट, मम्मा? जस्ट राइट इट.”

आणि मी लिहिलं. एकच ओळ. मला लिहायचीच होती ती, कधीची. अक्षर चांगलं आलं. ओवीने वाकून वाचली आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. “ओके,” म्हणाली. “ओके. आय विल डू इट. आय प्रॉमिस.” तिने माझा हात धरला आणि पुन्हा म्हणाली, प्रॉमिस.

मी तिच्याकडे बघत राहिले. दादाची अट ती उद्या मोडू शकली असती. ताईंशी भांडू शकली असती. पण मेलेल्या आईला पंधराव्या वर्षी दिलेलं वचन ती पन्नाशीतही मोडणार नाही. माझी पोर आहे, मला ठाऊक आहे. ज्या दिवशी ती मला घेऊन त्या जागी जाईल त्या दिवशी तिला तिथलं कोणी तरी व्हावं लागेल, निदान दारात तरी तू कोण म्हणून विचारतील. मी दोघांच्या अटी मोडायला बसले होते आणि तिसरी, सगळ्यांत जड, माझ्याच हाताने घालत होते.

मी ती ओळ खोडली.

“व्हाय डिड यू कट इट?” ती रडायला लागली. “आय वॉन्टेड टू डू इट! मम्मा, आय वॉन्टेड टू!”

“म्हणूनच गं बाई,” मी म्हटलं. दोघी तशाच बसलो. शहरबानूने येऊन चहा केला.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही करून ठेवते. याआधी मनात केलेली सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत.

सही: मंजुषा सुजीत साळवे

साक्षीदार:
१. शहरबानू खैरुद्दीन मुकादम, खलिफा सिटी, अबू धाबी
२. खैरुद्दीन इब्राहिम मुकादम, खलिफा सिटी, अबू धाबी

ठिकाण: अबू धाबी
दिनांक: १० नोव्हेंबर २०२५

खाडाखोडीबाबत: कलम १० मधली एक ओळ मी स्वतः खोडली आहे व ती खाडाखोड मला मान्य आहे. वाचता येणार नाही इतकी खोडली आहे. खोडण्यापूर्वी ती ओवीने वाचली होती. तिने ती विसरून जावं, ही माझी विनंती आहे, अट नाही. — मं. सा.